मिक्सर घेताना आधी सर्वांत लहान भांडे पाहावे

नाशिकच्या एका वाचक भगिनींनी लिहिले आहे : "आमच्या घरी मी, यजमान, सासूबाई आणि महाविद्यालयात जाणारी मुलगी असे चौघे आहोत. सतरा वर्षे वापरलेला आमचा ५०० वॅटचा मिक्सर गेल्या महिन्यापासून वाटताना मध्येच बंद पडतो आणि जळका वास येतो. मुलगा नोकरीनिमित्त जर्मनीत असतो. तो म्हणतो की, आता मिक्सर घेऊच नका, मी येताना इथला मोठा ब्लेंडर आणतो, त्यात सगळे होते. मुलीला सकाळी फळांची स्मूदी हवी असते. सासूबाईंना दात नसल्यामुळे जेवण मऊ करून द्यावे लागते. मला मात्र रोजचे ओल्या खोबऱ्याचे वाटण, दाण्याचे कूट आणि रविवारी इडलीचे पीठ एवढे नीट व्हायला हवे आहे. ओटा लहान आहे, त्यावर एकच यंत्र राहील. कोणते घ्यावे?"

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातच निम्मे उत्तर आहे, कारण यंत्राचे नाव विचारण्याआधी आपण कामे सांगितली आहेत. त्या कामांकडे पाहून माझे मत असे आहे की, ओट्यावर तीन भांड्यांचा ७५० वॅटचा आपल्याकडचा मिक्सर ग्राइंडर असावा आणि खणात मावेल असा एक साधा हँड ब्लेंडर जोडीला घ्यावा. चिरंजीवांनी प्रेमाने देऊ केलेला मोठा ब्लेंडर त्याच्या कामात उत्तम असतो, पण आपल्या पाच कामांपैकी एकच काम त्याच्या हातचे आहे.

मात्र खरेदीआधी जुन्या मिक्सरची एकदा नीट तपासणी करावी, असे मी आग्रहाने सुचवते. मध्येच बंद पडणे आणि वास येणे याचा अर्थ मोटर जळाली असाच नसतो. बहुतेक मिक्सरच्या तळाशी एक लहान लाल बटण असते. मोटरवर ताण आला की ते बाहेर येऊन वीज तोडते, आणि मोटर थंड झाल्यावर ते आत दाबले की मिक्सर पुन्हा चालू होतो. हे बटण वारंवार बाहेर येत असेल, तर ताण कुठून येतो ते शोधावे. प्लग काढून ठेवावा, रिकामे भांडे उलटे धरावे आणि तळाची चकती हाताने फिरवून पाहावी. ती सहज फिरली पाहिजे. ती अडखळत असेल, तर दोष मोटरचा नसून भांड्याच्या बुशचा, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो त्या नळीचा आहे, आणि बुश व सील बदलून देणारे कारागीर बहुतेक शहरांत मिळतात. मोटर फिरते पण पाते फिरत नाही, आणि वास जळक्या रबरासारखा येतो, असे असेल तर मोटर आणि भांडे यांना जोडणारा कपलर झिजला आहे. वेग कमीजास्त होत असेल आणि हवेच्या फटींतून मोठ्या ठिणग्या दिसत असतील, तर मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश संपत आले आहेत. ही तिन्ही दुरुस्त्या नव्या मिक्सरच्या किमतीच्या मानाने किरकोळ आहेत. भांड्याच्या तळातून काळसर ओघळ येत असेल, तर मात्र ते भांडे त्याच दिवसापासून वापरू नये, कारण झिजलेल्या सीलमधून बुशचे वंगण वाटणात उतरत असते. आणि वास रबराचा नसून तीव्र, डोळ्यांत जाणारा असेल, मोटर हाताला चटका बसेल इतकी तापत असेल, तर वाइंडिंग, म्हणजे मोटरमधले तारेचे वेटोळे, गेले असे समजावे. सतरा वर्षांच्या यंत्राची मोटर भरून घेण्यापेक्षा नवे यंत्र घेणे तेव्हा शहाणपणाचे ठरते.

आता ब्लेंडरविषयी. ब्लेंडर आणि मिक्सर ही एकाच यंत्राची दोन नावे आहेत असे आपण धरून चालतो, आणि फसगत तिथूनच सुरू होते. ब्लेंडर हा पातळ पदार्थासाठी बनवलेला असतो. त्याचे भांडे उंच असते, पाती तळाशी वरखाली वळलेली असतात आणि ती फिरू लागली की भांड्यातल्या द्रवाचा भोवरा तयार होतो. त्या भोवऱ्यातून वरचा पदार्थ पुन्हा पुन्हा पात्यांवर येतो आणि बारीक होतो. म्हणजे ब्लेंडरमध्ये पाती जितके काम करतात, तितकेच पाणी करते. आता त्यात अर्धी वाटी ओले खोबरे, चार मिरच्या, आल्याचा तुकडा आणि मूठभर कोथिंबीर घालावी. पहिल्या दोन फेऱ्यांतच सगळे भिंतींवर उडून चिकटते, तळाशी पाती मोकळी फिरत राहतात आणि आपण झाकण उघडून चमच्याने खाली लोटत बसतो. कंटाळून पाणी वाढवले की फिरते खरे, पण ते वाटण राहत नाही, पाणचट आमटीच होते. मुलाच्या तिकडच्या स्वयंपाकात सूप, सॉस, फळांचे पेय ही कामे मोठी असल्यामुळे त्याला त्या यंत्रात सगळे होते असे वाटणे स्वाभाविक आहे. आपला दिवस मात्र वाटणाने सुरू होतो, आणि वाटण म्हणजे थोडा जिन्नस, त्याहून थोडे पाणी.

ही अडचण नवी नाही, आणि आपल्याकडचा मिक्सर जन्माला आला तोच मुळी या अडचणीतून. १९६० च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे अभियंता होते. त्यांच्या पत्नी माधुरी माथुर यांच्याकडचा परदेशी मिक्सर भारतीय स्वयंपाकाच्या जड कामाखाली जळाला आणि तो दुरुस्त होईना. तेव्हा अशा कामाला टिकेल अशी मोटर आणि तसे भांडे आपणच बनवावे, असा ध्यास या दांपत्याने घेतला. त्यातून पुढे 'सुमीत' मिक्सर बाजारात आला, आणि अनेक मराठी घरांत मिक्सरला सुमीत म्हणण्याची सवयच पडली. पाटा-वरवंट्याची जागा ज्या यंत्राने घेतली, ते पाटा-वरवंट्याचे काम समजून बनवलेले होते. कोरडे आणि ओले, थोडे आणि घट्ट असे सगळे दळायचे, ही त्याची पहिली अट होती. म्हणून 'सगळे करणारे यंत्र' हवे असेल, तर आपल्या स्वयंपाकघरापुरते ते आपल्याकडचेच आहे, हे मी मनापासून सांगते.

निवड करताना दुकानदार प्रथम वॅट सांगेल. आपण प्रथम भांडी मागावीत, आणि त्यांतही सर्वांत लहान भांडे आधी. साधारणपणे तीन भांड्यांच्या संचात दीड लिटरचे ओल्या कामाचे, एक लिटरच्या आसपासचे कोरड्या दळणाचे आणि सुमारे ४०० मिलिलिटरचे चटणीचे भांडे मिळते. मोठी दोन भांडी बहुतेक यंत्रांत बरी असतात. खरा फरक दिसतो तो चटणीच्या भांड्यात, आणि रोज हातात येणारेही तेच. त्याचे झाकण काढून आत पाहावे. पाते तळाच्या अगदी जवळ असावे, पात्याचे टोक आणि भिंत यांत फार जागा नसावी आणि तळाचा कोपरा गोलाईचा असावा. पाते उंच बसवलेले असेल, तर त्याच्या खाली दोन चमचे जिन्नस तसाच राहतो, आणि लसणीची चटणी किंवा दोन माणसांपुरते वाटण कधीच एकजीव होत नाही. दुकानात रिकाम्या भांड्यात दोन चमचे पाणी ओतून पाहावे. पात्याची कड पाण्याला लागत असेल, तर भांडे कामाचे आहे. दुकानदाराला हे विचित्र वाटले तरी संकोच करू नये, कारण पुढची दहा-पंधरा वर्षे त्या भांड्याशी गाठ आपली आहे.

मोठ्या भांड्याच्या आतल्या भिंतीवर उभे कंगोरे असतात, ते शोभेसाठी नसतात. त्यांच्यामुळे फिरणारा पातळ पदार्थ अडून पुन्हा पात्यांकडे वळतो, म्हणून ताक, आमरस आणि स्मूदी त्याच भांड्यात चांगली होते. झाकणाचे रबर निघणारे असावे, म्हणजे त्याच्या खाचेत अडकलेले वाटण धुता येते. ते धुतले गेले नाही की दोन दिवसांत झाकणाला आंबूस वास येतो. मूठ ओल्या हातातही घट्ट धरता येईल अशी असावी. भांडे नीट बसल्याशिवाय मोटर सुरूच होणार नाही, अशी सोय असलेले यंत्र घरात वयस्कर माणसे असताना पसंत करावे.

वॅटविषयी थोडक्यात सांगते. यंत्रावर लिहिलेले वॅट म्हणजे मोटर किती वीज घेते ते, वाटण किती बारीक होते ते नव्हे. ५०० वॅटचा मिक्सर दोघा-तिघांच्या रोजच्या कामाला पुरतो. आपल्या घरी रविवारचे पीठ आहे, म्हणून ७५० वॅट योग्य. १००० वॅट मोठ्या कुटुंबाला किंवा घरून डबे देणाऱ्यांना उपयोगी पडतो, आपल्याला त्याची गरज नाही आणि त्याचा आवाजही सहसा अधिक असतो. ७५० वॅटचा मिक्सर आपल्या २३० व्होल्टच्या जोडणीवर साधारण सव्वातीन अँपिअर वीज घेतो, त्यामुळे ओट्यावरचा नेहमीचा ६ अँपिअरचा तीन पिनांचा सॉकेट त्याला पुरतो, फक्त त्याला अर्थिंग असल्याची खात्री करून घ्यावी. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. मोटर थंड ठेवणारा पंखा मोटरच्याच दांड्यावर बसवलेला असतो, म्हणून वेग कमी तर वाराही कमी. घट्ट वाटण पहिल्या वेगावर बराच वेळ रेटत राहिल्याने मोटर जपली जाते असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात ती अधिक तापते. सुरुवात कमी वेगावर करावी, जिन्नस फिरू लागला की वेग वाढवावा, आणि तो अडला तर वेग न वाढवता मिक्सर थांबवून चमचाभर पाणी घालावे.

दाण्याच्या कुटाला यंत्रापेक्षा हात महत्त्वाचा. भाजलेले दाणे पूर्ण गार होऊ द्यावेत, कोरड्या भांड्यात निम्म्यापेक्षा जास्त भरू नयेत आणि बटण उलट दिशेला, म्हणजे पल्सवर, क्षणभर धरून सोडावे, असे सात-आठ वेळा करावे. दाणे गरम असताना किंवा सलग फिरवले तर तेल सुटते, कूट तळाशी थापून बसते आणि साबुदाण्याच्या खिचडीत त्याचे गोळे येतात. तिळाचे आणि कारळ्याचेही तसेच. म्हणून दुकानात पल्सचे बटण सहज दाबले आणि सोडले जाते का, हे हाताने करून पाहावे. हळकुंडे मात्र घरच्या मिक्सरमध्ये अख्खी कधीही घालू नयेत. ती इतकी कठीण असतात की पाते वाकते किंवा कपलर फुटतो. वर्षाचा मसाला आणि तिखट यांसाठी डंकच योग्य. मुंबईच्या लालबागमध्ये आजही मसाला डंकावर कुटून घेण्यासाठी उन्हाळ्यात लोकांची रीघ लागते, ती केवळ जुन्या सवयीमुळे नव्हे. डंकात जिन्नस कुटला जातो, मिक्सरमध्ये तो वेगाने कापला जातो आणि तापतो, आणि तापलेल्या मसाल्याचा वास आपल्या जेवणात उतरण्याआधी स्वयंपाकघरातच उडून जातो. घरी आठवड्यापुरता गोडा मसाला करायचा असेल, तर मिक्सर जरूर वापरावा, पण थांबून थांबून.

इडलीच्या पिठाचीही खरी अडचण उष्णताच आहे. दगडाचा वेट ग्राइंडर सावकाश फिरतो, त्यामुळे उडदाची डाळ तापत नाही आणि हवा धरून फुलते. मिक्सरची मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते, तेव्हा पीठ कोमट होते आणि पुढे आंबण्यात गडबड होते. दर रविवारी दोन-तीन दिवसांचे पीठ करणाऱ्या घराने वेट ग्राइंडर घ्यावा, असे मी एरवी म्हटले असते, पण आपल्या लहान ओट्यावर त्याची सक्ती नको. डाळ आणि तांदूळ वेगवेगळे वाटावेत, वाटायला फ्रिजमधले गार पाणी घ्यावे, भांडे दोन तृतीयांशाच्या वर भरू नये आणि दोन घाण्यांच्या मध्ये मोटरला विसावा द्यावा. अनेक मिक्सरच्या माहितीपुस्तिकेत पाच मिनिटे चालवून दोन मिनिटे थांबण्याची सूचना असते. ती कंपनीने जबाबदारी झटकण्यासाठी लिहिलेली नसते, त्या मोटरची बांधणीच तेवढ्या सलग कामासाठी असते. आपला जुना मिक्सर रविवारीच बंद पडत असेल, तर कारण इथेही असू शकते.

मुलीच्या स्मूदीसाठी वेगळे यंत्र लागत नाही. फळांचे तुकडे लहान करावेत, दूध किंवा दही आधी घालावे, फळे नंतर घालावीत, आणि बर्फ घालायचा असेल तर फोडून घालावा. उलटा पेला बसवून चालवायचे छोटे ब्लेंडर सध्या लोकप्रिय आहेत. एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला ते सोयीचे आहेत, पण त्यांत गरम पदार्थ कधीही घालू नये. पेला पूर्ण बंद असतो, वाफेला वाट नसते आणि दाब वाढून तो हातात उघडतो.

गरम पदार्थांचा धोका मिक्सरलाही आहे, आणि हे मी स्वतः पाहिले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी टोमॅटोचे सार करताना घाईत उकडलेले टोमॅटो वाफाळते असतानाच मी भांड्यात घातले. पहिल्या फेरीलाच झाकण उडाले आणि मनगटावर भाजले. पाते फिरताच आतली वाफ आणि हवा एकदम पसरते, ते झाकण धरून ठेवणाऱ्या हाताला पेलत नाही. म्हणून सासूबाईंच्या जेवणासाठी मी हँड ब्लेंडर सुचवला. पातेल्यातच तो बुडवून वरण, भोपळ्याची भाजी, पालकाचे सूप हवे तेवढे मऊ करता येते, भांडी वाढत नाहीत आणि गरम पदार्थ इकडून तिकडे ओतावा लागत नाही. त्याचा खालचा दांडा स्टीलचा आणि निघणारा असावा, प्लॅस्टिकचा दांडा गरम पदार्थात घालणे मला पटत नाही. पाते पूर्ण बुडाल्यावरच बटण दाबावे आणि पाते वर आणण्याआधी बटण सोडावे. याच हँड ब्लेंडरने ताकही होते, त्यामुळे सकाळी मोठे भांडे काढण्याचे कष्ट वाचतील.

आपण विचारले नाही, तरी सासूबाईंच्या जेवणाविषयी एक विनंती करते. पोळी, भाजी, आमटी, भात असे सगळे एकत्र फिरवून एक लगदा करू नये. प्रत्येक पदार्थ वेगळा मऊ करून ताटात वेगळा वाढावा. लिंबाची फोड, लोणच्याचा खार, चटणीचे बोट यांतले जे त्यांना चालत असेल, तेही ताटात असावे. दात गेले तरी चव गेलेली नसते, आणि भोपळा कोणता व वरण कोणते हे जिभेला कळले की जेवण चार घास अधिक जाते. लहान भांड्याचा आग्रह मी धरला, त्याला हेही एक कारण आहे. वाटीभर भाजी मोठ्या भांड्यात नीट फिरत नाही.

चिरंजीवांना काय सांगावे, याची आपल्याला काळजी असेल. जर्मनीतही वीज २३० व्होल्टचीच असल्याने तिथला ब्लेंडर इथे चालेल, परंतु त्याची पिन आपल्या सॉकेटमध्ये बसत नाही, आणि साधा अडॅप्टर लावल्यास अर्थिंग बहुधा तुटते. त्याहून मोठी अडचण म्हणजे भांडे किंवा सील खराब झाले की नाशिकमध्ये ते मिळणार नाही आणि तिथली वॉरंटी इथे लागू होण्याचा भरवसा नाही. त्याच्या मनात काही द्यायचेच असेल, तर त्याने इथे येऊन आपल्यासोबत दुकानात यावे आणि मिक्सर घेऊन द्यावा.

दुकानात भांडी पाहून झाली की यंत्राच्या तळाची पट्टी वाचावी. तिथे आयएसआय चिन्ह असावे, त्याच्या वर आयएस ४२५० हा मिक्सरसाठीच्या मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असावा. भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' अॅपमध्ये तो परवाना क्रमांक घालून खरा की खोटा हे तिथल्या तिथे पाहता येते. मोटरवर पाच वर्षांची वॉरंटी असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असले, तरी कपलर, पाती, बुश आणि रबर तिच्यात येतात का, हे विचारावे. बहुतेक वेळा ते येत नाहीत, आणि खराब होतात ते नेमके हेच भाग. म्हणून सेवाकेंद्र नाशिकमध्ये कुठे आहे आणि सुटे भांडे किती दिवसांत मिळते, हे दोन प्रश्न मला वॉरंटीच्या वर्षांपेक्षा महत्त्वाचे वाटतात. कणीक मळणे, भाजी चिरणे, नारळ खवणे, रस काढणे असे दहा जोड असलेल्या संचाचा मोह टाळावा. आपल्या पत्रात यांपैकी एकही काम नाही, आणि ते जोड ठेवायला जागाही नाही.

यंत्र घरी आले की भांडी कोमट पाण्याने व साबणाने धुऊन, पुसून घ्यावीत. पहिल्या एक-दोन वेळांना मोटरचा हलका वास आला तर घाबरू नये. तो नव्या वाइंडिंगवरच्या लेपाचा असतो आणि लवकरच जातो. पहिल्याच दिवशी चटणीच्या भांड्यात आपले नेहमीचे वाटण करून पाहावे, मोठ्या भांड्यात नव्हे. खोबरे बोटांना रवाळ लागले किंवा पात्याखाली जिन्नस तसाच राहिला, तर बिल घेऊन त्याच आठवड्यात दुकानात जावे, कारण यंत्र बदलून मिळण्याची मुदत सहसा थोड्याच दिवसांची असते.